जुन्या लॅपटॉपमधलं वाय-फाय कार्ड डेस्कटॉपमध्ये बसवताना

लॅपटॉपचा स्क्रीन फुटला, बॅटरी गेली, मदरबोर्ड बसला, तरी आतलं वाय-फाय कार्ड बहुतेक वेळा धडधाकट असतं. पोस्टाच्या तिकिटाएवढा हा तुकडा एक स्क्रू आणि दोन वायरी सोडवल्या की हातात येतो. तो भंगारात देऊ नका. सुटे भाग आणून स्वतः जोडलेल्या डेस्कटॉपमध्ये तो उत्तम चालतो, आणि वाय-फाय व ब्लूटूथ दोन्हींची सोय एकाच कार्डात होते. यूएसबीला लावायचा छोटा डोंगल जास्त सोपा आहे, हे खरं. पण नखाएवढ्या डोंगलच्या आत अँटेनाला जागाच नसते. लॅपटॉपच्या कार्डाला बाहेरून दोन मोठे अँटेना लावता येतात आणि त्यानं पडणारा फरक लगेच जाणवतो.

एक गोष्ट सुरुवातीलाच डोक्यात पक्की करून घ्या. या कार्डाला तीन जोडण्या लागतात. वाय-फायचा डेटा पीसीआय एक्सप्रेसमधून (मदरबोर्डावर कार्डं जोडायच्या मार्गातून) जातो, ब्लूटूथचा डेटा यूएसबीमधून जातो आणि दोन्हींचे रेडिओ संकेत अँटेनामधून ये-जा करतात. पहिली जोडणी कार्ड स्लॉटमध्ये बसलं की आपोआप होते. उरलेल्या दोन बहुतेकदा हातानं कराव्या लागतात आणि नवख्या माणसाचं घोडं तिथंच अडतं. वाय-फाय चालतं पण ब्लूटूथ दिसतच नाही, किंवा राउटर शेजारी असूनही सिग्नल एकच काडी दाखवतो, अशा वेळी दोष कार्डाला दिला जातो. खरा दोष बहुधा वायरीचा असतो.

आधी कार्ड ओळखा

कार्डावरचं लेबल वाचा आणि मोबाइलवर त्याचा फोटो काढून ठेवा. मॉडेल नंबर तिथंच छापलेला असतो आणि पुढचं सगळं त्यावर ठरतं.

जुन्या लॅपटॉपमध्ये मिनी पीसीआय एक्सप्रेस प्रकारचं कार्ड सापडतं. ते ३० मिलिमीटर रुंद असतं, त्याला ५२ पिना असतात आणि लांबी पूर्ण कार्डाची सुमारे ५१, तर अर्ध्याची सुमारे २७ मिलिमीटर असते. नंतरच्या लॅपटॉपमध्ये एम.२ प्रकारचं कार्ड असतं. २२ मिलिमीटर रुंद आणि ३० मिलिमीटर लांब, म्हणून त्याच्या मापाला २२३० म्हणतात. एम.२ कार्डाच्या पिनांच्या कडेला खाच असते. वाय-फाय कार्डाला ई खाच असते, बहुतेकांना ए आणि ई अशा दोन्ही. एसएसडीच्या (साठवणुकीच्या ड्राइव्हच्या) खाचा एम किंवा बी असतात. २२३० मापाच्या एसएसडीही मिळतात आणि त्या लांबून सारख्याच दिसतात, तेव्हा गफलत करू नका. वाय-फाय कार्डावर अँटेनासाठी बारीक सोनेरी गोल असतात. तीच त्याची पक्की खूण.

काही पातळ लॅपटॉपमध्ये वाय-फायचा भाग थेट मदरबोर्डावर सोल्डर केलेला असतो. त्याच्या नादी लागू नका, तो काढून डेस्कटॉपला जोडणं नवशिक्याचं काम नाही. ॲपलच्या संगणकांतून निघालेल्या बऱ्याच कार्डांची पिनांची रचनाही निराळी असते. त्यांना त्यांच्यासाठीच बनवलेला ॲडॉप्टर (कार्ड मदरबोर्डाला जोडणारी मधली पाटी) लागतो.

आता सगळ्यात महत्त्वाची चाळणी. इंटेलची काही एम.२ कार्डं दिसायला अगदी नेहमीसारखी असली तरी ती पूर्ण कार्डं नसतात. या पद्धतीला सीएनव्हीआय म्हणतात. यात वाय-फायच्या कामाचा मोठा भाग इंटेलच्या प्रोसेसरमध्ये किंवा चिपसेटमध्ये असतो आणि कार्डावर मुख्यतः रेडिओचा भाग उरतो. असं कार्ड पीसीआय एक्सप्रेसच्या ॲडॉप्टरवर कितीही नीट बसवलं तरी संगणकाला ते दिसणारच नाही, कारण पलीकडचा अर्धा भाग तिथं नाही. एएमडीच्या मदरबोर्डावर तर ते कुठंच चालत नाही.

ओळखायचं कसं? इंटेलच्या अलीकडच्या कार्डांत शेवटचा आकडा बघा. एएक्स२००, एएक्स२१० ही शून्यावर संपणारी कार्डं स्वयंपूर्ण आहेत, तर एएक्स२०१, एएक्स२११ ही एकावर संपणारी सीएनव्हीआय आहेत. त्याआधीच्या पिढीत ९२६० हे स्वयंपूर्ण आणि ९५६० हे सीएनव्हीआय. ७२६०, ८२६०, ८२६५ ही जुनी कार्डं निर्धास्तपणे घ्या, त्या वेळी सीएनव्हीआय हा प्रकारच नव्हता. वाय-फाय ७ चं बीई२०० हाती लागलं, तर तुमचा मदरबोर्ड इंटेलचा आहे ना, हे आधी बघा. अनेक एएमडी मदरबोर्डांवर ते चालत नाही.

हातातलं कार्ड सीएनव्हीआयचं निघालं आणि तुमच्या मदरबोर्डावर सीएनव्हीआय चालणारा एम.२ ई स्लॉट नसेल, तर इथंच थांबा. पुढचा खर्च वाचला.

कार्ड काढणं

लॅपटॉपचा चार्जर काढा, मागचं झाकण उघडा आणि सर्वात आधी बॅटरीचा कनेक्टर सोडवा. लॅपटॉप बंद पडलेला असला तरी बॅटरीत वीज असू शकते, त्यामुळे ही पायरी गाळायची नाही. बॅटरी फुगलेली दिसली तर तिथं स्क्रूड्रायव्हर किंवा कुठलंही टोकदार हत्यार नेऊ नका.

मग अँटेनाच्या वायरी. या वायरींची टोकं कार्डावर बटणासारखी दाबून बसवलेली असतात आणि फार नाजूक असतात. वायर धरून ओढली तर ती टोकातून तुटते किंवा कार्डावरचा सोनेरी गोलच उखडून येतो. तो उखडला तर बारीक सोल्डरिंग येत असल्याशिवाय कार्ड वाया गेलं म्हणायचं. प्लॅस्टिकची पातळ पट्टी टोकाच्या खाली सरकवा आणि सरळ वर उचला. तिरकी नाही, आजूबाजूला हलवत नाही. वायर सुटल्यावर स्क्रू काढा. कार्ड एका बाजूनं आपसूक वर उठतं, मग त्याच कोनात बाहेर घ्या. स्क्रू जपून ठेवा, तो पुढं लागू शकतो.

लॅपटॉपच्या झाकणातले अँटेना काढायचा मोह होतो. ते पातळ पट्ट्यांचे असतात, चिकटवलेले असतात आणि डेस्कटॉपच्या पत्र्याच्या कॅबिनेटमध्ये ठेवले तर पत्रा सिग्नल अडवतो. कॅबिनेट लाकडाचं किंवा ॲक्रिलिकचं बनवलं असेल तरच त्यांचा विचार करा.

मल्टिमीटर जवळ असेल तर डेस्कटॉपमध्ये बसवण्याआधी एक छोटी चाचणी घ्या. एम.२ कार्डाच्या लेबल असलेल्या बाजूला पिनांच्या रांगेत दोन्ही टोकांना जमीन म्हणजे ग्राउंड असतो, आणि मागच्या बाजूला दोन्ही टोकांच्या दोन-दोन पिना ३.३ व्होल्टच्या असतात. मल्टिमीटर कंटिन्युइटीवर (जोडणी असली की बीप वाजणाऱ्या सेटिंगवर) ठेवून एक टोक ग्राउंडला आणि दुसरं ३.३ व्होल्टच्या पिनेला लावा. सलग बीप वाजली तर कार्ड आतून शॉर्ट आहे. ते बसवू नका. पाणी सांडून बंद पडलेल्या लॅपटॉपमधलं कार्ड असेल तर ही चाचणी हमखास करा.

ॲडॉप्टर आणि इतर सामान

आधी तुमच्या मदरबोर्डाचं मॅन्युअल उघडा. अनेक मदरबोर्डांवर वाय-फायसाठी एम.२ ई स्लॉट आधीच असतो, कधी मागच्या जोडण्यांजवळ उभा. तो असेल तर ॲडॉप्टर लागत नाही आणि ब्लूटूथची यूएसबी जोडणीही बहुधा स्लॉटमधूनच होते. फक्त तो स्लॉट नुसता सीएनव्हीआयसाठी आहे की साध्या पीसीआय एक्सप्रेस कार्डालाही चालतो, हे मॅन्युअलमध्ये वाचा.

स्लॉट नसेल तर पीसीआय एक्सप्रेस एक्स१ चा ॲडॉप्टर घ्या. मिनी पीसीआय एक्सप्रेस कार्डासाठी वेगळा आणि एम.२ ए-ई कार्डासाठी वेगळा येतो. एनव्हीएमई एसएसडीसाठीचा ॲडॉप्टर इथं चालत नाही, त्याची खाच एम असते. घेताना त्यावर यूएसबीसाठी पिनांचा छोटा हेडर आहे का ते नक्की बघा. नसेल तर ब्लूटूथवर पाणी सोडावं लागेल. एक्स१ चा ॲडॉप्टर एक्स४ किंवा एक्स१६ स्लॉटमध्येही बसतो आणि चालतो.

अँटेनाच्या वायरी हा खरेदीतला दुसरा फसवा भाग. मिनी पीसीआय एक्सप्रेस कार्डावरचा कनेक्टर मोठा असतो, त्याला यू.एफएल किंवा आयपेक्स एमएचएफ१ म्हणतात. एम.२ कार्डावर त्याहून छोटा एमएचएफ४ असतो. दोन्ही एकमेकांवर बसत नाहीत, आणि मोठं टोक छोट्या कनेक्टरवर दाबून बसवायला गेलात तर तो चेपतो. वायरीच्या दुसऱ्या टोकाला कॅबिनेटच्या पट्टीवर बसणारा आरपी-एसएमए कनेक्टर हवा, आणि अँटेनाही आरपी-एसएमएचाच घ्यायचा. साधा एसएमए आणि आरपी-एसएमए यांचे आटे सारखेच असल्यानं ते एकमेकांवर घट्ट बसतात, पण मधली पिन मधल्या भोकाशी जुळत नाही. अँटेना बसल्यासारखा दिसतो, जोडणी मात्र झालेलीच नसते. स्क्रू करण्याआधी आत डोकावून एका बाजूला पिन आणि दुसऱ्या बाजूला भोक आहे ना, एवढं बघितलं की पुरे.

वायर गरजेपेक्षा लांब घेऊ नका. या बारीक वायरीत सिग्नलची बरीच गळती होते आणि ५ गिगाहर्ट्‌झवर ती आणखी वाढते.

जोडणी टेबलावरच करा

कार्ड आधी ॲडॉप्टरवर बसवा, अँटेनाच्या वायरी जोडा आणि मगच सगळं कॅबिनेटमध्ये न्या. कॅबिनेटच्या अंधारात हात घालून एमएचएफ४ बसवणं फार कठीण जातं.

कार्ड साधारण तीस अंशाच्या कोनात स्लॉटमध्ये सरकवा, पिना पूर्ण आत गेल्यावर खाली दाबा आणि स्क्रू लावा. स्क्रू घट्ट आवळायचा नाही, कार्ड हलणार नाही इतपतच. आता वायरीचं टोक कार्डावरच्या गोलावर ठेवा आणि हात स्थिर धरून हलकंच इकडंतिकडं करून बघा. ते मधोमध आलं की बोटाला कळतं, कारण टोक घसरायचं थांबतं. मग नखानं किंवा प्लॅस्टिकच्या पट्टीच्या सपाट भागानं सरळ खाली दाबा. बारीक खट्‌ असा आवाज येतो. आवाज न येता टोक नुसतं टेकलेलं असेल तर पुन्हा मधोमध आणा. जोर वाढवू नका, तिथंच गोल चेपतो. हे कनेक्टर वारंवार काढघाल करण्यासाठी बनवलेले नसतात. यू.एफएलची हमी साधारण ३० वेळांची असते. त्यामुळे पुन्हापुन्हा सोडवून बघू नका.

कार्डावर एक आणि दोन असे आकडे किंवा काळा आणि पांढरा त्रिकोण छापलेला असतो. दोन्ही अँटेना सारखेच असतील तर कुठली वायर कुठं, यानं फरक पडत नाही. तिसरा गोल असेल तर कार्ड तीन अँटेनांचं आहे, तिन्ही जोडा. एकही रिकामा सोडू नका. बऱ्याच कार्डांत ब्लूटूथ एका ठरावीक अँटेनावरून चालतं. नेमका तोच रिकामा राहिला तर वाय-फाय चालूनही ब्लूटूथचा हेडफोन दोन हातांवर तुटायला लागतो.

ब्लूटूथची वायर

डेस्कटॉप बंद करून पॉवरची पिन सॉकेटमधून काढा, चालू करायचं बटण काही सेकंद दाबून धरा म्हणजे उरलेली वीज निघून जाते. कॅबिनेटच्या उघड्या धातूला हात लावा आणि ॲडॉप्टर स्लॉटमध्ये बसवून पट्टीचा स्क्रू लावा. उरली ती यूएसबीची वायर, ॲडॉप्टरवरच्या हेडरपासून मदरबोर्डावरच्या यूएसबी २.० हेडरपर्यंत.

मदरबोर्डावरच्या त्या हेडरला दोन रांगा असतात. एका रांगेत चार पिना आणि एक रिकामी जागा, दुसऱ्या रांगेत पाच पिना. प्रत्येक रांग हा एक स्वतंत्र यूएसबी पोर्ट असतो. रिकाम्या जागेच्या विरुद्ध टोकापासून मोजलं तर क्रम असा: पाच व्होल्ट, डेटा वजा, डेटा अधिक, ग्राउंड. वायरींचे रंग सहसा याच क्रमानं लाल, पांढरा, हिरवा, काळा असतात. पाच पिनांच्या रांगेतली शेवटची पिन कशालाच जोडलेली नसते. निळ्या किंवा काळ्या आवरणातला १९ पिनांचा मोठा हेडर यूएसबी ३ चा. त्यात ही वायर थेट बसत नाही.

ॲडॉप्टरसोबत आलेल्या वायरीचे रंग याच क्रमात आहेत, यावर आंधळा विश्वास ठेवू नका. स्वस्त ॲडॉप्टरांत क्रम उलटा निघू शकतो. डेटाच्या दोन वायरींची अदलाबदल झाली तर सहसा काही जळत नाही, ब्लूटूथ फक्त दिसत नाही. पण पाच व्होल्ट डेटाच्या पिनेवर गेले तर कार्ड जायची शक्यता असते, कारण ते ३.३ व्होल्टवर चालतं आणि ती वीज त्याला पीसीआय एक्सप्रेस स्लॉटमधूनच मिळते. म्हणजे ब्लूटूथसाठी यूएसबीचे पाच व्होल्ट बहुतेक ॲडॉप्टरांना लागतच नाहीत, त्यामुळे काही वायरींत लाल तार नसतेच. घाबरू नका, वायर तुटलेली नाही.

खात्री करायची तर वायर ॲडॉप्टरला जोडण्याआधीच पिना तपासून घ्या. एम.२ कार्डात डेटा अधिक तिसऱ्या पिनेवर आणि डेटा वजा पाचव्या पिनेवर येतो, मिनी पीसीआय एक्सप्रेसमध्ये ३६ वर डेटा वजा आणि ३८ वर डेटा अधिक. ॲडॉप्टरच्या रिकाम्या स्लॉटमधल्या त्या पिनेपासून हेडरच्या पिनेपर्यंत कंटिन्युइटी लावून बघितली की क्रम स्वच्छ कळतो. ही तपासणी कार्ड चढवण्याआधी करणं सोयीचं.

क्रम चुकीचा निघाला तर वायर कापून सोल्डर करायची गरज नाही. काळ्या प्लॅस्टिकच्या टोकावर प्रत्येक तारेसमोर एक छोटी पट्टी असते. सुईच्या टोकानं ती जराशी उचला, तार मागं ओढली की धातूच्या टोकासह अलगद बाहेर येते. योग्य खणात पुन्हा सरकवली की पट्टी तिला धरून ठेवते. प्रत्येक तारेला बसवल्यावर हलकेच ओढून बघा.

पहिल्यांदा चालू करताना

अँटेना बाहेरून स्क्रू करा आणि मगच संगणक चालू करा. ट्रान्समीटर अँटेनाशिवाय चालवू नये, ही सवय चांगली.

विंडोजमध्ये डिव्हाइस मॅनेजर उघडा. नेटवर्क ॲडॉप्टरमध्ये कार्डाचं नाव दिसायला हवं आणि ब्लूटूथचा स्वतंत्र गट दिसायला हवा. ड्रायव्हर विंडोज स्वतः शोधतं, पण कार्ड बनवणाऱ्या कंपनीच्या संकेतस्थळावरून नवा घेतलेला बरा. वाय-फाय आणि ब्लूटूथ यांचे ड्रायव्हर वेगवेगळे असतात, दोन्ही टाका. डेस्कटॉपला तोवर इंटरनेट नसेल तर ते आधीच पेन ड्राइव्हवर घेऊन ठेवा. एएक्स२१० वर ६ गिगाहर्ट्‌झचा पट्टा वापरायचा असेल तर विंडोज ११ लागतं.

लिनक्समध्ये इंटेलच्या कार्डांचा ड्रायव्हर कर्नलमध्येच असतो, फर्मवेअरचं पॅकेज तेवढं बसवलेलं हवं. पीसीआयच्या यादीत कार्ड आणि यूएसबीच्या यादीत ब्लूटूथ दिसलं की दोन्ही जोडण्या बरोबर आहेत असं समजा.

अडलं तर

पीसीआयच्या यादीत (विंडोजमध्ये डिव्हाइस मॅनेजरमध्ये) कार्डच नाही: मॉडेल सीएनव्हीआयचं नाही ना, हे पुन्हा तपासा. मग ॲडॉप्टर दुसऱ्या स्लॉटमध्ये लावून बघा. काही मदरबोर्डांवर एखाद्या एम.२ जागी एसएसडी बसवली की एक्स१ चा एखादा स्लॉट बंद होतो. मॅन्युअलमध्ये ते बारीक अक्षरात दिलेलं असतं.

कार्ड दिसतं, पण वाय-फाय चालू होत नाही आणि रेडिओ बंद असल्याचा संदेश येतो: लॅपटॉपमध्ये वाय-फायच्या बटणाशी जोडलेली एक पिन असते. ती खाली ओढली गेली की रेडिओ बंद राहतो. मिनी पीसीआय एक्सप्रेसमध्ये ती २० वी पिन आहे. एखाद्या ॲडॉप्टरवर ती चुकीची जोडलेली असेल तर कार्डाच्या त्या एकाच पिनेवर कॅप्टॉन टेपची (वीज न वाहणाऱ्या पातळ चिकटपट्टीची) अरुंद पट्टी लावून ती झाकतात. आधी विंडोजमधला विमान मोड तपासा, मग टेपकडं वळा.

वाय-फाय आहे, ब्लूटूथ नाही: यूएसबीची वायर. दहापैकी नऊ वेळा दुसरं काही नसतं. ती नीट असेल तर बायोसमध्ये (संगणक सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये) तो यूएसबी हेडर बंद केलेला नाही ना, ते बघा.

कालपर्यंत चालणारं कार्ड आज अचानक चूक दाखवायला लागलं: नुसतं रीस्टार्ट करून भागत नाही. संगणक पूर्ण बंद करा, पिन काढा, बटण दाबून धरा आणि मिनिटभरानं पुन्हा चालू करा. कार्डाला स्टँडबाय वीज मिळत राहत असेल तर ते स्वच्छपणे रीसेट होत नाही.

सिग्नल क्षीण: राउटरच्याच खोलीत उणे ५० डीबीएमच्या (सिग्नलच्या ताकदीच्या मापाच्या) आसपास आकडा दिसायला हवा. तिथंच उणे ८० दाखवत असेल तर अँटेनाची वायर सुटलेली आहे किंवा एसएमए आणि आरपी-एसएमएची गल्लत झाली आहे.

अँटेना कुठं

कॅबिनेटची मागची बाजू ही अँटेनासाठी सर्वात वाईट जागा. एका बाजूला पत्रा, दुसऱ्या बाजूला भिंत, आणि शेजारीच यूएसबी ३ ची भोकं. यूएसबी ३ च्या वायरींतून आणि जोडण्यांतून २.४ गिगाहर्ट्‌झच्या पट्ट्यात गोंगाट पसरतो. इंटेलनंच २०१२ मध्ये मोजमापांसह ते मांडलं होतं. त्यामुळे बाह्य हार्ड डिस्क लावली की ब्लूटूथचा माउस अडखळतो, हा अनुभव अनेकांना येतो. माझा सल्ला असा की शक्य असेल तर पायाला चुंबक असलेला, वायरचा जोड-अँटेना घ्या आणि तो टेबलावर उंच जागी ठेवा. कॅबिनेटवरच लावायचे असतील तर एक सरळ उभा आणि दुसरा तिरका ठेवा. या काडीसारख्या अँटेनांच्या टोकाच्या दिशेनं सिग्नल सर्वात कमी जातो, म्हणून टोक राउटरकडं रोखायचं नाही. शक्यतो ५ गिगाहर्ट्‌झच्या नेटवर्कला जोडा, म्हणजे २.४ चा पट्टा ब्लूटूथसाठी मोकळा राहतो.

ब्लूटूथचा कीबोर्ड वापरणार असाल तर एक वायरचा कीबोर्डही जवळ ठेवा. बायोसच्या पडद्यावर ब्लूटूथ सहसा चालत नाही, ऑपरेटिंग सिस्टीम सुरू झाल्यावरच ते जागं होतं.